उताऱ्याचा हिशेब : ग्रीन्यार विक्रियेचा एक मागोवा

कार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे घालवली आहेत त्यांना ग्रीन्यार विक्रियेची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. मॅग्नेशियमचा कीस, ब्रोमोबेंझिनासारखे एखादे हॅलाइड आणि निर्जल ईथर एवढ्या तीन वस्तूंवर उभा राहणारा आणि पुस्तकात एका समीकरणात संपणारा हा प्रयोग चंबूत उतरवू लागले म्हणजे जेवढी सावधगिरी मागतो, तेवढी मागणारा दुसरा प्रयोग पदव्युत्तर अभ्यासक्रमात शोधूनही क्वचितच सापडेल. आणि म्हणूनच त्याच्या उताऱ्याचा, म्हणजे गणिताने जेवढा पदार्थ मिळावयास हवा त्याच्या शेकडा किती प्रत्यक्ष हाती आला त्या आकड्याचा, प्रश्न दर वर्षी, दर तुकडीत नव्याने उपस्थित होतो. एकाच टेबलावर, एकाच बाटलीतील रसायने घेऊन काम करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाच्या गाळणपत्रावर शुभ्र स्फटिकांची रास पडावी आणि दुसऱ्याच्या चंबूत राखाडी गाळाखेरीज काही उरू नये, हा अनुभव नाशिकच्या प्रयोगशाळेत अध्यापन करताना मला पुनःपुन्हा आला. आणि अशा वेळी ‘विक्रिया लागलीच नाही’ एवढ्या एका वाक्यावर मामला मिटवण्याची जी रीत सर्वत्र रूढ आहे, तिने माझे कधीच समाधान झाले नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदवह्या चाळता चाळता माझे जे मत पक्के होत गेले ते असे की, उताऱ्यातील तूट म्हणजे टप्प्याटप्प्याने झालेल्या गळतीची बेरीज होय, आणि ही बेरीज मांडता येते, तपासता येते व पुढच्या खेपेस कमीही करता येते.

या विक्रियेचा जन्मच मुळी उताऱ्याच्या अडचणीतून झाला, ही गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. फ्रँकलंड यांनी १८४९ मध्ये जस्ताची कार्बनी संयुगे तयार करून एका नव्या शाखेचा पाया घातला खरा, परंतु हवेचा स्पर्श होताच पेट घेणारी ती संयुगे हाताळणे हे सामान्य रसायनज्ञाच्या आवाक्याबाहेरचे काम होते. पुढे फ्रान्समधील ल्यों येथे फिलिप बार्बिये यांनी १८९९ मध्ये जस्ताऐवजी मॅग्नेशियम घेऊन, हॅलाइड आणि कीटोन ही दोन्ही त्याच्यासह एकदमच एकत्र करून अपेक्षित अल्कोहोल मिळवले. पण आज मिळालेला पदार्थ उद्या त्याच कृतीने मिळेल याची शाश्वती त्यांना वाटेना, आणि अशा बेभरवशाच्या कामात स्वतः अधिक काळ न घालवता त्यांनी ते आपल्या हाताखालील व्हिक्टर ग्रीन्यार या तरुणाकडे सोपवले. १८७१ मध्ये शेरबूर येथे जन्मलेले ग्रीन्यार गणिताकडून रसायनशास्त्राकडे वळलेले होते. फ्रँकलंड आणि वँक्लिन यांचे जुने निबंध वाचताना ईथरच्या उपयोगाकडे त्यांचे लक्ष गेले, आणि मॅग्नेशियमचे संयुग आधी निर्जल ईथरमध्ये स्वतंत्रपणे तयार करून घ्यावे व मगच त्यात कीटोन मिसळावे, असा क्रम त्यांनी बांधला. क्रमातील या एका बदलाने बेभरवशाची विक्रिया भरवशाची झाली. १९०० च्या मे महिन्यात मोआसाँ यांनी हे संशोधन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवले, १९०१ मध्ये त्यावरील प्रबंधास मान्यता मिळाली, आणि १९१२ मध्ये पॉल साबात्ये यांच्यासमवेत ग्रीन्यार यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. एकाच वेळी चाललेल्या दोन कामांची फारकत करून प्रत्येकाचा स्वतंत्र बंदोबस्त केला तर उतारा वाढतो, हा या इतिहासाचा बोध मला सव्वाशे वर्षांनंतरही तितकाच ताजा वाटतो.

नाशिकपुरते पाहावयाचे तर १९१८ मध्ये स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये येथे जे महाविद्यालय काढले, त्याने गोदाकाठच्या या क्षेत्रात उच्च शिक्षणाची मुहूर्तमेढ रोवली. मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना त्याही आधीची, १९१४ ची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर येथील महाविद्यालये मुंबईऐवजी पुण्याच्या कक्षेत आली, आणि त्याच सुमारास, १९४८ मध्ये, प्रसिद्ध झालेला व्होगेल यांचा प्रायोगिक कार्बनी रसायनशास्त्रावरील ग्रंथ पुढे आमच्या पिढीच्या टेबलांवर हळदीच्या, आयोडिनाच्या आणि अम्लाच्या डागांनी रंगून कायमचा वास्तव्यास आला. माझ्या आधीच्या पिढीतील शिक्षक सांगत की, घासून बसवलेले काचसांधे दुर्मिळ असलेल्या त्या दिवसांत चंबू आणि शीतक यांची जोडणी बुचाने करावी लागे. बूच आधी दाबून मऊ करावयाचे, छिद्रकाने त्याला भोक पाडावयाचे, आणि मग काचसामानाबरोबर तेही तापवून कोरडे करावयाचे. बुचातील सूक्ष्म पोकळ्यांत दडलेले पाणी केवढे नुकसान करते हे त्या पिढीला अनुभवाने ठाऊक होते. पुढे देशी बनावटीची बोरोसिलिकेट काच व प्रमाणित सांधे आले आणि गळतीचे एक दार बंद झाले. मात्र पाण्याला शिरावयास दारे अनेक असतात.

पाण्याचा हा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहण्याजोगा आहे. समजा, विद्यार्थ्याने अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम आणि सव्वातीन ग्रॅमांच्या आसपास ब्रोमोबेंझिन घेतले. दोन्ही मिळून फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइडाचे सुमारे ०.०२ मोल तयार व्हावेत, आणि बेंझोफिनोनाशी त्यांचा संयोग होऊन ५.२ ग्रॅम ट्रायफेनिलमेथॅनॉल मिळावे, असे गणित सांगते. आता चंबूच्या मानेशी राहून गेलेला पाण्याचा एकच थेंब, सुमारे ०.०५ ग्रॅम वजनाचा, आत उतरला, तर त्यातील पाण्याचे रेणू २.८ मिलिमोल होतात. आणि पाण्याचा एक रेणू ग्रीन्यार अभिकारकाचा एक रेणू खाऊन त्याचे बेंझिन करून टाकीत असल्यामुळे या एका थेंबाने शेकडा चौदा उतारा, म्हणजे सुमारे पाऊण ग्रॅम पदार्थ, आरंभीच वजा होतो. ईथरचा मामला याहून गंभीर आहे. नुसत्या बाटलीबंद सॉल्व्हंट ईथरात पाणी आणि अल्कोहोल ही दोन्ही असतात आणि दोन्ही अभिकारकाचा नाश करतात. २५ मिलिलिटर ईथरात शेकडा एक भाग जरी पाणी असले, तरी ते जवळजवळ १० मिलिमोल भरते, आणि प्रयोग सुरू होण्यापूर्वीच निम्मा उतारा बुडालेला असतो. याउलट पावसाळ्यातील दमट हवा जिला सगळे दोष देतात, तिचा प्रत्यक्ष वाटा पाहिला तर २५० मिलिलिटरच्या चंबूत मावणाऱ्या हवेत सुमारे ५ मिलिग्रॅमच बाष्प असते आणि त्याने होणारी हानी दीड टक्क्याच्या आसपास राहते. हवेचा खरा उपद्रव निराळ्या मार्गाने होतो: ती काचेवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा चढवते, उघड्या राहिलेल्या बाटलीतील ईथर ओले करते आणि मॅग्नेशियमच्या किसावर ऑक्साइडाचा थर वाढवते. म्हणूनच ईथर आधी निर्जल कॅल्शियम क्लोराइडावर ठेवून पाणी व अल्कोहोल काढून घ्यावे, मग सोडियमच्या तारेवर ठेवावे, काचसामान भट्टीतून काढून गरम असतानाच जोडावे आणि हवेकडील प्रत्येक तोंडावर कॅल्शियम क्लोराइडाची नळी बसवावी, हा जुना दंडक आकड्यांच्या कसोटीवर पूर्णपणे उतरतो.

नाशिकच्या ऋतुमानाशी या प्रयोगाचा जो संबंध आहे तो कोणत्याही परदेशी पुस्तकात लिहिलेला नाही आणि तो आपला आपणच नोंदवावयास हवा. शुद्ध ईथर समुद्रसपाटीच्या दाबाखाली ३४.६ अंश सेल्सियसला उकळते. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे तो बिंदू आणखी दोन अंशांनी खाली येतो. चैत्र-वैशाखात दुपारचा पारा ३८-४० अंशांकडे जात असताना बाटलीचे बूच काढताच ईथरची वाफ जोराने बाहेर येते, मोजपात्रात ओतलेले ईथर पाहता पाहता घटते, आणि गच्चीवरील टाकीत उन्हाने तापलेले पाणी शीतकातून खेळवले तर ते वाफेला थोपवू शकत नाही. मग द्रावण दाट होते, हॅलाइडाची तीव्रता वाढते आणि नको असलेल्या बायफेनिलाला आमंत्रण मिळते. हवेपेक्षा जड असलेली ती वाफ टेबलाच्या कडेवरून खाली उतरून दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते, हा धोका तर उताऱ्याच्या विचाराहूनही आधी ध्यानात घ्यावयाचा. आषाढ-श्रावणात ईथर जागेवर राहते, पण हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात गेल्याने शीतकाच्या बाहेरील अंगावर दव जमते, त्याचे थेंब काचेवरून ओघळत सांध्याशी येऊन थांबतात, आणि सांधा किंचितही सैल असला की आत झिरपतात. त्यासाठी सांध्याच्या वर गाळणपत्राची वा कापसाची पट्टी गुंडाळण्याची तजवीज ज्या विद्यार्थ्याने केली, त्याचा उतारा शेजाऱ्यापेक्षा हमखास चांगला येई. मार्गशीर्ष-पौषात मात्र, निफाडच्या थंडीचे आकडे वर्तमानपत्रांत झळकत असताना, हवा कोरडी, नळाचे पाणी गार आणि ईथर शांत, अशी तिन्ही अनुकूलता एकत्र येते. थंडीत विक्रिया सुरू होण्यास थोडा उशीर लागतो हे खरे, परंतु कोमट पाण्याच्या आधाराने तो उशीर भरून काढता येतो. उन्हाळ्यात उडून गेलेले ईथर मात्र परत आणता येत नाही.

विक्रियेच्या प्रारंभाचा क्षण हा सबंध प्रयोगाचा कणा होय, आणि तो ज्याने नीट पाहिला नाही त्याला पुढील गोष्टींचा अर्थ लागत नाही. मॅग्नेशियमचा कीस ताजा असला तर चंदेरी चमकतो, जुना असला तर राखेच्या रंगाचा दिसतो. ही राख म्हणजे ऑक्साइडाचे कवच, आणि ते फुटल्यावाचून हॅलाइडाला धातूपर्यंत वाट मिळत नाही. कीस कोरड्या खलात हलकेच रगडावा, चंबूत घालावा, त्यावर थोडे ईथर व हॅलाइडाच्या एकूण मापाचा अगदी लहानसा हिस्सा सोडावा आणि आयोडिनाचा एक कण टाकावा. काही वेळ तपकिरी रंगाखेरीज काहीच दिसत नाही. मग किसाच्या एखाद्या कडेवर सुईच्या टोकाएवढा बुडबुडा धरतो, त्याच्या मागोमाग दुसरा, तपकिरी रंग फिका पडत नाहीसा होतो, स्वच्छ द्रव किंचित गढूळ होतो, आणि चंबूच्या बुडाशी धरलेल्या तळहाताला ऊब लागते. या टप्प्यापर्यंत धीर धरणे हेच अवघड असते. अधीर विद्यार्थी काहीच होत नाही असे समजून उरलेले हॅलाइड एकदम ओततो. कवच फुटताच ते सारे एकाच वेळी पेटून उठल्यासारखे उकळते, ईथर शीतकाच्या माथ्यापर्यंत चढते, आणि जे वाचते त्यात बायफेनिलाचा वाटा मोठा असतो. बर्फाचे पात्र हाताशी हवे, पण विक्रिया लागण्यापूर्वी चंबू त्यात ठेवणे म्हणजे निखारा धरण्याआधीच चूल विझवणे होय.

विक्रिया लागल्यानंतर हॅलाइड किती वेगाने सोडावे, याचे उत्तर घड्याळ पाहून देता येत नाही. ईथर बाहेरच्या उष्णतेवाचून स्वतःच्याच उष्णतेने मंद उकळत राहील एवढ्या बेताने थेंब पडावेत. थेंब थांबले की उकळी थांबावी, थेंब सुरू झाले की ती परत यावी. उकळत्या ईथरची वाफ द्रवावर दाट पांघरूण धरून असते आणि ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. उकळी पूर्ण थंडावून चंबू उघडा राहिला तर अभिकारकाचा काही भाग ऑक्सिजनाशी संयोग पावून पुढे फिनॉलच्या रूपाने वाया जातो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर कारखान्यात त्याचा साखर-उतारा उतरतो, हे आमच्या निफाड-दिंडोरीच्या विद्यार्थ्यांना घरच्या अनुभवाने ठाऊक असे; तयार अभिकारक ‘उद्या पाहू’ म्हणून बाजूला ठेवू नये, हे त्यांना पटवण्यास निराळ्या युक्तिवादाची गरज पडत नसे.

पुढचा टप्पा कीटोन मिसळण्याचा. शुष्क ईथरात विरघळवलेले बेंझोफिनोन थेंबाथेंबाने सोडले की द्रावणात लालसर छटा येते आणि मग गाळ धरू लागतो. बेंझोफिनोन हे या दृष्टीने कृपाळू कीटोन आहे. त्याच्या अंगी ईनॉल होण्याची शक्यताच नाही. परंतु कार्बोनिल गटाशेजारी हायड्रोजन असलेले किंवा बाजूंच्या गटांनी दाटलेले कीटोन घेतले, तर अभिकारक त्यात सामील होण्याऐवजी त्याचा हायड्रोजन हिरावतो किंवा त्याचे क्षपण करतो, आणि पाणी कोठेही नसताना उतारा घसरतो. म्हणजे काही गळती हातांच्या कसुरीची असते, तर काही रेणूंच्या रचनेतच लिहिलेली असते. या दोहोंतील तफावत ओळखणे हे शिक्षणाचे काम आहे.

यानंतरची गळती ही रसायनाची कमी आणि घाईची अधिक. बर्फ व सौम्य अम्ल अथवा अमोनियम क्लोराइडाचे द्रावण यांवर मिश्रण ओतल्यानंतर ईथरचा थर नीट वेगळा न करणे, पाण्याच्या थराला दुसऱ्यांदा ईथर न लावणे, स्फटिकीकरणासाठी अल्कोहोल गरजेहून जास्त घेणे, द्रावण पुरते थंड होण्याआधीच गाळणे, या चार सवयींनी कष्टाने मिळवलेला पदार्थ मोरीत जातो. याच टप्प्यावर उलट्या दिशेची फसगतही होते: ओले किंवा बायफेनिल मिसळलेले स्फटिक तोलून शेकडा नव्वद, क्वचित शंभरावर उतारा नोंदवला जातो. म्हणून वितळबिंदूवाचून लिहिलेला उतारा ग्राह्य धरू नये, असा माझा नेहमीचा आग्रह असे. शुद्ध ट्रायफेनिलमेथॅनॉल १६२ अंशांच्या आसपास वितळते, बायफेनिल ७० अंशांच्या जवळपास. ज्या नमुन्याचा वितळबिंदू खाली घसरलेला आणि पसरलेला आहे, त्याचा भरघोस उतारा नोंदवहीत शोभतो, प्रयोगशाळेत नाही. शुद्ध पदार्थाचा शेकडा पन्नास उतारा मी अशुद्ध पदार्थाच्या शेकडा नव्वदाहून सदैव श्रेष्ठ मानला.

गेल्या शंभर वर्षांत जगाने या गळतीवर जे उपाय शोधले त्यांचा विचार केला, तर प्रत्येक उपाय म्हणजे हिशेबातील एकेका बाबीचे उत्तर असल्याचे दिसते. हेन्री गिलमन यांनी १९२५ मध्ये मिशलर कीटोनच्या साहाय्याने रंगपरीक्षा सुचवली, तिच्यामुळे अभिकारक तयार झाला की नाही हे पुढे जाण्याआधीच कळू लागले. विल्हेल्म श्लेंक यांनी १९२९ मध्ये दाखवले की द्रावणात अनेक रूपांचा परस्पर समतोल नांदत असतो. १९३५ मधील कार्ल फिशर यांच्या पद्धतीने विद्रावकातील सूक्ष्म पाणीही मोजता येऊ लागले. पन्नाशीच्या दशकात नॉर्माँ यांनी टेट्राहायड्रोफ्युरानाचा वापर करून, ईथरात दाद न देणारी व्हिनिल हॅलाइडेही वश केली. या विद्रावकाचा उकळबिंदू ६६ अंश असल्याने नाशिकच्या उन्हाळ्याची एक अडचण दूर झाली, मात्र वाफेचे पांघरूण विरळ झाल्याने नायट्रोजनची गरज वाढली. १९७२ मध्ये रीके यांनी अतिसूक्ष्म, क्रियाशील मॅग्नेशियम तयार केले, आणि २००४ मध्ये क्नोखेल यांनी लिथियम क्लोराइडाच्या साहचर्याने विक्रियेची गती व आवाका दोन्ही वाढवले. ट्रामाडॉल, अमिट्रिप्टिलीन यांसारखी औषधे बनवण्याच्या प्रस्थापित मार्गांत ग्रीन्यार विक्रियेचा टप्पा आहे. सातपूर-अंबडच्या वसाहतींतील कारखान्यांत नोकरीस लागलेले आमचे विद्यार्थी भेटीस येत, तेव्हा मोठ्या पात्रात विक्रिया लागण्याआधी हॅलाइड साचू न देणे हीच तेथेही पहिली खबरदारी असते, असे आवर्जून सांगत. चंबूत ईथर शीतकाबाहेर येते, कारखान्यात त्याच चुकीने जीव धोक्यात येतो.

या मागोव्यातून निघणारी मागणी साधी आहे. परीक्षेत उताऱ्याला गुण दिले जातात, पण उतारा का आला वा का गेला, याच्या नोंदीला गुण नसतात. त्यामुळे मुले आकडा फुगवावयास शिकतात आणि गळती शोधावयास शिकत नाहीत. महाविद्यालयांनी हा प्रयोग शक्यतो हिवाळ्यातील सकाळच्या तासिकांत ठेवावा. पावसाळ्यातच घेणे भाग असेल, तर भट्टी आणि सोडियमवरील ईथर यांची तरतूद आदल्या दिवशीच करावी. प्रत्येक नोंदवहीत त्या दिवसाचे तापमान, हवेची आर्द्रता, ईथर कधी व कशावर कोरडे केले, विक्रिया लागण्यास किती वेळ लागला, आणि स्फटिकांचा वितळबिंदू, एवढ्या पाच बाबी उताऱ्याच्या आकड्याशेजारी सक्तीने लिहिल्या जाव्यात. अशी दप्तरे काही वर्षे निष्ठेने राखली गेली, तर नाशिकच्या हवेत या विक्रियेचा वाजवी उतारा किती, हे कोणत्याही परदेशी ग्रंथाला न विचारता येथील विद्यार्थीच सांगू शकतील. आणि ज्या तुकडीचा उतारा शेकडा तीस आला, पण त्या तिसाचे कारण तिने स्वतः शोधून काढले, तिला मी उत्तीर्णच नव्हे, तर पहिल्या वर्गात उत्तीर्ण मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.